दोन आज्ञा आणि एक वैमानिक

बार्शी लाइट रेल्वेचा येडशीवरून लातूरकडे जाणारा अरुंद लोहमार्ग एकेरी रुळांचा होता. अशा मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून आगगाडीच्या व्यवहारात एक साधी युक्ती रूढ झाली. दोन स्टेशनांमधील टापूसाठी एका वेळी एकच टोकन बाहेर निघावयाचे, आणि ते ज्या ड्रायव्हरच्या हाती, त्याचीच गाडी पुढे जावयाची. आज्ञा कोणती मानावी हा प्रश्न गाडी सुटण्यापूर्वीच सुटलेला असे. आकाशमार्गावर हाच प्रश्न सोडविण्यास मनुष्यजातीला फार मोठी किंमत द्यावी लागली.

या प्रश्नाचे एक रूप मुंबईने 1978 च्या पहिल्याच रात्री पाहिले. 1 जानेवारी रोजी एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे विमान सांताक्रूझहून दुबईस निघाले. समुद्रावर येताच खाली काळोख, वर काळोख, क्षितिज दिसेना. अशा वेळी विमान कोणत्या बाजूस कलले आहे हे केवळ उपकरणावरूनच कळते. कप्तानासमोरील उपकरण बिघडून विमान उजवीकडे कलल्याचे दाखवू लागले. त्यावर विसंबून कप्तानाने विमान डावीकडे वळविले, आणि ते कलत कलत वांद्र्याजवळ समुद्रात कोसळले. उड्डाणापासून दोन मिनिटेही झाली नव्हती; 213 माणसे प्राणास मुकली. बिघडलेले उपकरण खोटे पाडतील अशी इतर उपकरणे त्याच कक्षात होती. परंतु पडताळा घेण्यास अवधीच उरला नाही.

पुढे 12 नोव्हेंबर 1996 रोजी हरियाणातील चरखी दादरीवर सौदी व कझाक विमानांची टक्कर होऊन 349 जण मृत्युमुखी पडले. कझाक विमानाने 15,000 फुटांवर राहावयाचे होते. ते त्याहून खाली उतरले. त्यानंतर भारतात मोठ्या विमानांवर टक्कर टाळणारे यंत्र सक्तीचे झाले. ‘टीकॅस’ या नावाने ओळखले जाणारे हे यंत्र जवळ येणाऱ्या विमानाचा वेध घेते. दोन्ही विमानांवर ते असल्यास दोन्ही यंत्रे परस्परांशी संधान बांधून एकास ‘वर जा’ व दुसऱ्यास ‘खाली जा’ असे सांगतात.

तथापि या उपायातूनच नवा पेच निघाला. यंत्र एक सांगते आणि जमिनीवरील नियंत्रक दुसरे सांगतो, तर ऐकावे कोणाचे? 31 जानेवारी 2001 रोजी जपानच्या आकाशात हा पेच पडला. यंत्र वर जाण्यास सांगत असता एक वैमानिक नियंत्रकाच्या सांगण्यावरून खाली आला. विमाने थोडक्यात चुकली. पुष्कळ प्रवासी जखमी झाले, पण कोणी दगावले नाही. इशारा मिळाला होता. जगासाठी निःसंदिग्ध नियम मात्र झाला नाही.

सतराच महिन्यांनी, 1 जुलै 2002 च्या रात्री, जर्मनीतील युबरलिंगेन गावावर तेच घडले. झुरिकच्या नियंत्रकाने रशियन विमानास खाली उतरण्यास सांगितले. त्याचे यंत्र वर जाण्यास सांगू लागले. वैमानिकांनी माणसाचे ऐकले. समोरच्या मालवाहू विमानाने यंत्राचे ऐकले आणि तेही खाली आले. 71 जण मरण पावले. त्यांत बहुसंख्य मुले होती. आपल्या आज्ञेविरुद्ध यंत्र काय सांगत आहे, याची त्या नियंत्रकास कल्पनाही नव्हती.

नियमाचे मर्म येथेच आहे. यंत्र माणसाहून शहाणे म्हणून त्याचे ऐकावयाचे नाही. दोन यंत्रांनी आपसात दिशा वाटून घेतलेल्या असतात, म्हणून ऐकावयाचे. एकाने जरी तो करार मोडला, तरी दुसऱ्याचे आज्ञापालन घातक ठरते. 2003 च्या नोव्हेंबरात आंतरराष्ट्रीय नियमांत हे स्पष्ट करण्यात आले: नियंत्रकाची आज्ञा विरुद्ध असली तरी वैमानिकाने यंत्राचा आदेश पाळावा व तसे नियंत्रकास कळवावे, नियंत्रकानेही मग त्या विमानाचा मार्ग बदलण्याचा प्रयत्न करू नये.

संकटाच्या क्षणी विचारास अवकाश नसतो. म्हणून कोणाचे ऐकावयाचे हे शांतपणी, जमिनीवर असतानाच ठरवून ठेवावे लागते. आगगाडीवाल्यांनी टोकनाने जे साधले, ते आकाशात साधण्यास एवढे बळी जावे लागले, हीच या इतिहासाची शिकवण होय.