जुन्या मोटारसायकलींच्या आठवणी : एक ऐतिहासिक साधन

स्वातंत्र्योत्तर भारतातील मोटारसायकलींचा इतिहास अभ्यासताना शौकिनांच्या आठवणी हे महत्त्वाचे साधन ठरते. म्हैसूर येथील ‘आयडियल जावा’ कंपनीने १९६० च्या दशकात ‘जावा’ व १९७३ पासून ‘येझदी’ या गाड्या तयार केल्या. १९९६ मध्ये हा कारखाना बंद पडला. त्यानंतर गाडी चालू ठेवण्याचे ज्ञान प्रामुख्याने मालक व मिस्त्री यांच्यापाशीच उरले. पेट्रोलमध्ये ऑइल किती मिसळावे, किकचाच दांडा वळवून गिअर कसा टाकावा, हे तपशील गप्पांमधूनच पुढील पिढीकडे गेले.

नागपूरचे खासदार नितीन गडकरी यांच्याकडे कार्यभार असलेल्या केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांचे नियम अधिसूचित केले. प्रथम नोंदणीस ५० वर्षे उलटलेल्या व मूळ स्वरूपात जतन केलेल्या दुचाकींना त्यात स्थान असून नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. मात्र १९९६ मध्ये नोंदलेली येझदी २०४६ पूर्वी विंटेज ठरू शकत नाही. तोपर्यंत कायद्याच्या दृष्टीने ती केवळ जुनी गाडी होय.

गाडी पन्नाशी गाठेल, तेव्हा तिचा मिस्त्री हयात असेलच असे नाही. आठवणींत वर्षे व किमती चुकतात. त्यामुळे आरसी बुक व खरेदीच्या पावत्यांशी त्या ताडून पाहणे आवश्यक आहे. नागपुरातील अशा मालकांच्या व मिस्त्रींच्या मुलाखती वेळीच नोंदविल्यास स्थानिक इतिहासाचे एक दुर्लक्षित दालन जतन होईल.