संगणक-जालातील नोंदी व कालमुद्रांकन

जालाला जोडलेली यंत्रे आपल्यापाशी घडणाऱ्या घटनांची – कोणी प्रवेश केला, कोणत्या पत्त्यावरून केला, काय पाठविले – वेळेसह आपोआप नोंद ठेवतात. या नोंदींना लॉग म्हणतात. बिघाड शोधण्यासाठी सुरू झालेली ही टिपणे पुढे न्यायालयात पुरावा म्हणून येऊ लागली, तेव्हा त्यांतील वेळ खरी कशावरून, हा प्रश्न निर्माण झाला.

अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९८६ मध्ये संगणक-वापराच्या हिशोबात ७५ सेंटची तफावत आढळली. तिचा छडा लावताना क्लिफर्ड स्टोल या खगोलशास्त्रज्ञांना एका घुसखोराचा माग लागला. संगणकात शिरलेला मनुष्य तेथील नोंदीही पुसू शकतो, हे ओळखून त्यांनी बाहेरून येणाऱ्या तारांनाच मुद्रणयंत्रे जोडली. कागदावर उमटणारा मजकूर घुसखोराच्या आवाक्याबाहेर होता. माग जर्मनीतील हॅनोव्हरपर्यंत पोहोचला व १९९० मध्ये मार्कुस हेस आणि त्याचे दोन साथीदार यांना हेरगिरीबद्दल शिक्षा झाली. घटना जेथे घडते तेथेच तिची एकमेव नोंद ठेवू नये, हे तत्त्व यातून स्पष्ट झाले.

नोंदी दुसऱ्या यंत्राकडे पाठविण्याची सिसलॉग ही पद्धत एरिक ऑलमन यांनी याच दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठात (बर्कली) तयार केली. सोपेपणामुळे ती सर्वत्र पसरली. पण पुराव्याच्या दृष्टीने ती अगदीच भोळी होती. संदेश पोहोचल्याची पोच मिळत नसे, पाठविणाऱ्याची ओळख पटवली जात नसे, आणि वेळेत महिना, दिवस, तास, मिनिटे व सेकंद असले तरी वर्ष नसे, कालविभागही नसे. २००९ च्या सुधारित मानकात या दोन्हींची सोय झाली.

हा दोष किरकोळ नव्हे. इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपन्या एकच पत्ता वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या ग्राहकांना देतात. नोंद जागतिक प्रमाणवेळेत असून ती भारतीय वेळ समजून वाचली, तर ५ तास ३० मिनिटांचा फरक पडतो आणि संशय भलत्याच घरावर जातो. घड्याळे जुळविण्यासाठी डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये एनटीपी ही पद्धत मांडली. तिने घड्याळ बरोबर राहते. ते सांभाळणाऱ्याने नोंद मागाहून बदलली नाही, याची हमी मात्र मिळत नाही.

त्या हमीचा मार्ग स्टुअर्ट हेबर व स्कॉट स्टॉर्नेटा यांनी १९९१ मध्ये दाखविला. कोणत्याही मजकुरापासून हॅश नावाचा एक लहान ठसा काढता येतो. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. प्रत्येक ठशात मागील ठसा गुंफला, की साखळीतील मधली नोंद गुपचूप बदलणे अशक्यप्राय होते. असा एकत्रित ठसा १९९५ पासून न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्रातील छोट्या जाहिरातीत दर आठवड्याला छापला जाऊ लागला. घरोघरी गेलेला अंक परत कोण बदलणार? बिटकॉइनचा पाया असलेली साखळी याच कल्पनेवरून निघाली.

भारतात माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याद्वारे पुरावा अधिनियमात ६५ ब हे कलम आले. जालना येथील २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून उद्भवलेल्या खोतकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी, मूळ साधन हजर केले नसेल तर या कलमाखालील प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असे ठरविले. दूरध्वनी व इंटरनेट कंपन्यांनी तपासात जप्त झालेल्या काळातील नोंदी वेगळ्या व सुरक्षित ठेवाव्यात, असाही आदेश दिला. बचाव पक्षालाही त्या मागविता याव्यात, हा त्यामागील हेतू होय. याकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही.

सर्ट-इन या शासकीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी नोंदी १८० दिवस जपणे व घड्याळे राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा किंवा राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र यांच्या वेळेशी जुळविणे बंधनकारक केले. भारतातील तपासाची गती पाहता १८० दिवस तोकडेच म्हणावे लागतील. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या प्रमाणपत्रात हॅश नमूद करावा लागतो. तो मात्र काढल्याच्या क्षणापासूनचीच ग्वाही देतो. जप्तीनंतर काढलेला हॅश त्यापूर्वीच्या फेरफाराविषयी काहीच सांगत नाही.