तुमच्या पाच लाखांच्या हमीमागे अकोल्याची एक बुडालेली बँक आहे

बँकेच्या पासबुकात आत कुठेतरी बारीक अक्षरांत एक शिक्का असतो. ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असल्याचा. एरवी आपण तो वाचत नाही. एखाद्या बँकेवर निर्बंध आल्याची बातमी आली, की मग सगळे चष्मा लावून वाचतात. अशा दिवशी माझा फोन सकाळपासून वाजायला लागतो, "भाऊ, आपले पैसे राहतील ना?"

म्हणून आज या पाच लाखांचा इतिहास सांगतो. तो आपल्या अकोल्यातून जातो आणि हे आपल्याकडेच फार कमी लोकांना माहीत आहे.

आपल्या देशात बँक बुडणं ही काही आजची गोष्ट नाही. १९१३ मध्ये लाहोरची पीपल्स बँक आणि मुंबईची इंडियन स्पेसी बँक बुडाली. रिझर्व्ह बँक १९३५ मध्ये आली, तरी १९३८ मध्ये दक्षिणेतली त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक गेलीच. १९४८ च्या सुमारास बंगालमध्ये बँकांची पडझड झाली, तेव्हा ठेवींना विमा असावा ही कल्पना पहिल्यांदा चर्चेत आली. अमेरिकेने तसा कायदा १९३३ मध्येच केला होता. आपल्याकडे १९५० मध्ये ग्रामीण बँकिंग चौकशी समितीने कल्पना उचलून धरली, आणि मग नेहमीचंच. फाईल पडून राहिली.

ती हलली १९६० मध्ये. त्या वर्षी दोन बँका कोसळल्या. एक केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि दुसरी आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक.

पलाईची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. १९२७ मध्ये सुरू झालेली ही बँक केरळातल्या मोठ्या बँकांपैकी एक. बाहेरून सगळं झकास. पण तपासणीत बुडीत कर्जं कित्येक वर्षं दिसत होती. रिझर्व्ह बँकेपुढे पेच असा, की बँक बंद करा म्हटलं तर ठेवीदार रस्त्यावर येणार. चालू द्या म्हटलं तर रोज नवे लोक विश्वासाने पैसे ठेवत राहणार. अखेर ८ ऑगस्ट १९६० रोजी रिझर्व्ह बँक केरळ उच्च न्यायालयात गेली आणि बँक बंद झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. १९६२ मध्ये तिथे रिझर्व्ह बँकेचा अधिकार कायम राहिला. कायदा जिंकला हो, पण ठेवीदाराचं काय?

त्याचं उत्तर म्हणून १९६१ मध्ये ठेव विमा कायदा आला आणि १ जानेवारी १९६२ पासून महामंडळ सुरू झालं. विमा किती? माणशी १५०० रुपये. पुढे १९६८ मध्ये ५ हजार, १९७० मध्ये १० हजार, १९७६ मध्ये २० हजार, १९८० मध्ये ३० हजार आणि १९९३ मध्ये १ लाख. त्यानंतर जवळजवळ २७ वर्षं आकडा हलला नाही. सोनं कुठून कुठे गेलं, जमिनी कुठून कुठे गेल्या, पण म्हाताऱ्या ठेवीदाराची हमी एक लाखावरच.

आता सहकाराकडे या, कारण महाराष्ट्राचा खरा जीव तिथे अडकलाय. १ मार्च १९६६ पासून बँकिंग कायदा सहकारी बँकांना लागू झाला, पण अर्धाच. पैशाचा व्यवहार रिझर्व्ह बँकेने बघायचा आणि संचालक मंडळ, निवडणूक, कारभार सहकार खात्याने. दोन मालकांचं घर. ठेव विमा सहकारी बँकांपर्यंत यायला १९६८ ची दुरुस्ती लागली.

या दुहेरी कारभाराची किंमत २३ सप्टेंबर २०१९ ला कळली. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह, म्हणजे पीएमसी बँकेवर निर्बंध आले. सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त हजार रुपये काढायची मुभा! लोकांच्या घामाचा मोठा वाटा एकाच बांधकाम समूहाकडे, एचडीआयएलकडे गेला होता आणि ते हजारो खोट्या खात्यांआड लपवलं होतं.

मग पुन्हा तेच. आधी लोक पोळले, नंतर नियम आला. ४ फेब्रुवारी २०२० ला विमा पाच लाख झाला. त्याच वर्षी कायदा बदलून सहकारी बँकांच्या कारभारावर रिझर्व्ह बँकेला जादा अधिकार मिळाले. २०२१ मध्ये अशी दुरुस्ती झाली की बँकेवर निर्बंध आले, तर विम्याचे पैसे ९० दिवसांत मिळावेत. पीएमसी जानेवारी २०२२ मध्ये दुसऱ्या बँकेत विलीन झाली. पण पाच लाखांवरच्या ठेवीदारांना पैसे टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांपर्यंत. सत्तरीतल्या माणसाला दहा वर्षं थांब म्हणायचं!

बँक चालवणं हे तसं अवघड शास्त्र नाही. कर्ज कोणाला दिलं, एकालाच किती दिलं आणि वह्या तपासणारा माणूस कोणाच्या ताटाखालचं मांजर आहे का, हे तीन प्रश्न. यातल्या एकाचं जरी उत्तर चुकलं की बँक आतून पोखरायला लागते. बाहेर मात्र शाखेचं उद्घाटन, हारतुरे आणि सभासदांना दिवाळीची भेट चालूच असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हा विमा बँकांना आहे, पतसंस्थांना नाही. मल्टिस्टेट पतसंस्थांनाही नाही. बोर्ड कितीही चकाचक असो, एजंट घरचा असो, व्याज दोन टक्के जास्त असो, तिथे बुडालं तर हे महामंडळ एक रुपया देणार नाही. आपल्या तालुक्यांत निवृत्तीचे पैसे, पोरीच्या लग्नाचे पैसे, शेत विकून आलेले पैसे नेमके तिथेच जातात.

बँकेतही हिशोब लक्षात ठेवा. पाच लाख म्हणजे मुद्दल आणि व्याज मिळून, एका माणसाला एका बँकेत. त्याच बँकेच्या चार शाखांत ठेवी केल्या तरी बेरीज एकच. या विम्याचा हप्ता बँकेने भरायचा असतो, ठेवीदाराने नाही.

आणि वार्षिक सभेची नोटीस आली, की जेवणाच्या वेळेला जाऊ नका, सभेच्या वेळेला जा. अहवालात थकीत कर्जाचं पान शोधा आणि उभं राहून विचारा. सभासद आहात तुम्ही, पाहुणे नाही. १९६० मध्ये अकोल्यात आणि पलाईत ज्यांचे पैसे अडकले, त्यांच्यामुळे आपल्याला ही हमी मिळाली. पुढचा नियम आपल्या पैशांवर शिकायची पाळी सरकारवर येऊ देऊ नका.

घरातल्या मोठ्यांना हे वाचून दाखवा. ते फेसबुकवर नसतात, पण ठेवी त्यांच्याच नावावर असतात.