टाळूवरचे क्ष-किरण आणि माझी पीआरपी

वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात सध्या कोडपेक्षा केसांवर जास्त चर्चा चालते. मी अठ्ठावीसचा, आणि कपाळ दरवर्षी थोडं वर सरकतंय. शेवटी एका क्लिनिकमध्ये पीआरपीची चौकशी केली. म्हणजे आपलंच रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवून प्लेटलेट्स वेगळ्या करायच्या आणि डोक्यात टोचायच्या. 'याने स्किन कॅन्सर वगैरे होत नाही ना?' मी विचारलं. काउंटरवरची ताई हसली. 'सर, तुमचंच तर रक्त आहे!'

उत्तर काही पटलं नाही. मग जुनं वाचत बसलो.

1904च्या सुमारास पॅरिसच्या डॉ. साबुरो यांनी मुलांच्या डोक्यातल्या गजकर्णावर मोजून-मापून क्ष-किरण देण्याची पद्धत बसवली. केस गळायचे, बुरशी जायची, केस परत यायचे. सगळे खूश! 1950च्या दशकाअखेर ग्रिसिओफुल्विनची गोळी येईपर्यंत हजारो मुलांची डोकी अशी शेकली गेली. न्यूयॉर्कमधल्या अशा सुमारे 2200 मुलांचा माग संशोधकांनी पुढे कित्येक दशकं काढला. टाळूच्या त्वचेचे कॅन्सर दिसू लागले, तेव्हा ती मुलं चांगली मोठी झाली होती. इस्रायलमध्ये मेंदूच्या गाठीही सापडल्या. तिथे 1994मध्ये भरपाईचा कायदा करावा लागला.

पीआरपीत किरणं नाहीत, आणि तिने टाळूचा कॅन्सर होतो असं सिद्धही झालेलं नाही. पण प्लेटलेट्समधून पेशींना वाढवणारे घटक सुटतात, म्हणून कॅन्सर किंवा संशयास्पद डाग असेल तिथे सुई टोचत नाहीत. म्हणजे आधी डोकं तपासायला हवं ना? माझं कुणी पाहिलंच नव्हतं. सहा सिटिंगचं पॅकेज मात्र तयार!

खरी भीती तर जवळचीच आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका स्पामध्ये चेहऱ्यावर पीआरपी करून घेतलेल्या बायकांना एचआयव्ही झाला. 2018मध्ये तो स्पा बंद केला. मुंबईत मार्च 2019मध्ये केशरोपणानंतर 43 वर्षांचा एक व्यावसायिक दगावला. 2022मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला सांगावं लागलं की यूट्यूब बघून केशरोपण शिकता येत नाही. हे लिहून द्यावं लागतं, यातच काय ते आलं.

परवा डोंबिवलीतल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी भिंग लावून दहा मिनिटं टाळू पाहिली, उजवीकडच्या तिळाचा फोटो काढला, तीन महिन्यांनी परत बोलावलंय. तोपर्यंत सुई नाही, आणि बाइकवरून उतरलो की उन्हात टोपी.