डोंबिवली

डोंबिवली हे ठाणे जिल्ह्याच्या कल्याण तालुक्यातील, मुंबईच्या ईशान्येला उल्हास खाडीच्या काठी वसलेले उपनगरी शहर. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ४८ किमी. अंतरावर, ठाण्याच्या पुढे आणि कल्याणच्या अलीकडे आहे. कारभार कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेकडे असल्याने जनगणनेत शहराची स्वतंत्र मोजणी होत नाही. २०११ मध्ये महापालिकेच्या तेव्हाच्या हद्दीत सुमारे साडेबारा लाख लोक राहत होते. मुंबईत नोकरी करणाऱ्या मराठी मध्यमवर्गाचे शहर अशी डोंबिवलीची ओळख असली, तरी मूळची आगरी गावे, १९६० नंतरची औद्योगिक वसाहत आणि देशभरातून आलेले कामगार यांना वगळून तिचे चित्र पुरे होत नाही.

शहराच्या वायव्येला उल्हास नदी खाडीचे रूप घेऊन ठाण्याकडे जाते. तिच्या काठची जमीन सखल, खाजणाची आणि तिवरांची. पूर्वेकडे कल्याण-शीळ रस्त्यापलीकडे जमीन चढत जाते आणि मलंगगडाची डोंगररांग दिसू लागते. दक्षिणेला भोपरची टेकडी आणि नैर्ऋत्येला मुंब्र्यामागचा पारसिक डोंगर आहे. पावसाळ्यात येथे साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. भरतीची वेळ आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की खाडीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरते. २६ जुलै २००५ च्या महापुराने कल्याण-डोंबिवली परिसराची मोठी हानी केली. पश्चिमेच्या खाडीकिनारी उरलेल्या तिवरांत हिवाळ्यात अनेक जातींचे पक्षी उतरतात. इमारतींची रांग तिथपर्यंत पोहोचली असल्याने हा पट्टा जपण्याची निकड आता अधिकच वाढली आहे.

रेल्वेचे रूळ शहराचे पूर्व आणि पश्चिम असे सरळ दोन भाग करतात. पूर्वेला टिळकनगर, रामनगर, फडके रोड, मानपाडा रोड आणि त्यापुढे औद्योगिक वसाहतीचा (एमआयडीसी) विस्तार आहे. पश्चिमेला विष्णुनगर, दीनदयाळ रोड, शास्त्रीनगर, कुंभारखानपाडा आणि खाडीवरचे मोठागाव. दोन्ही बाजूंना जोडणारे वाहनांचे पूल मोजकेच. कोपर येथील उड्डाणपूल धोकादायक ठरल्याने २०१९ मध्ये बंद झाला आणि २०२१ मध्ये नव्याने खुला झाला. मधल्या काळात सगळी वाहतूक ठाकुर्लीच्या पुलावर आली, आणि रूळ ओलांडण्याची सोय किती तोकडी आहे हे रोजच्या कोंडीने दाखवून दिले.

शेजारचे कल्याण हे सातवाहनकाळापासून ज्ञात असलेले बंदर. कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत तेथील दात्यांची नोंद आहे. अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर (१०६०) शहरापासून फार दूर नाही. डोंबिवली मात्र या बंदराच्या परिसरातील लहान खेड्यांपैकी एक होती. डोंबिवली, पाथर्ली, आयरे, ठाकुर्ली, चोळे, कोपर, भोपर, नांदिवली, सागाव, आजदे, सोनारपाडा ही गावे पावसाळी भातशेतीवर जगत. खाडीकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून जमीन राखली जाई. मासेमारी आणि पुढे रेतीचा उपसा हे जोडधंदे होते. या गावांतला आगरी समाज हाच डोंबिवलीचा मूळ रहिवासी. गावदेवीच्या जत्रा, हळदीच्या रात्री, धवलारिणींची लग्नगीते आणि वारकरी भजनी मंडळे ही त्यांची परंपरा काँक्रीटच्या जंगलातही टिकून आहे. कीर्तनकार ह. भ. प. सावळाराम महाराज म्हात्रे यांचे नाव शहराच्या क्रीडासंकुलाला दिलेले आहे.

बोरीबंदर ते ठाणे ही रेल्वे १८५३ मध्ये सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ रोजी, ती कल्याणपर्यंत पोहोचली. डोंबिवलीला स्थानक मिळाले ते त्यानंतर, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. १९१६ मध्ये पारसिक बोगदा खुला झाल्यावर मुंब्र्याचा वळसा टळला. १९२५ मध्ये मुंबईत विजेची गाडी धावली आणि पुढील काही वर्षांत विद्युतीकरण कल्याणपर्यंत आले. या गाड्यांसाठी रेल्वेने ठाकुर्लीजवळ चोळे येथे नदीकाठी औष्णिक वीजगृह उभारले. अनेक दशके चाललेले हे वीजगृह १९८० च्या दशकात बंद पडले. त्याच्या आसपासची रेल्वे कामगारांची वस्ती आणि पश्चिमेची बावनचाळ ही डोंबिवलीतील सर्वांत जुन्या नोकरदार वसाहतींपैकी होत.

खेड्याचे शहर झाले ते स्वातंत्र्यानंतर. गिरगाव, दादर, परळ येथील चाळींतल्या एका खोलीत वाढत्या कुटुंबाला जागा पुरेना आणि मुंबईत नवे घर परवडेना. तेव्हा कारकून, शिक्षक, बँक आणि रेल्वेचे कर्मचारी स्वस्त जागेच्या शोधात रुळांच्या कडेने सरकत डोंबिवलीला आले. सुरुवातीला बैठी घरे आणि दुमजली चाळी, मग सहकारी गृहनिर्माण संस्था आणि १९७० नंतर झपाट्याने चारमजली इमारती. पाणी, रस्ते, गटारे या सोयी लोकसंख्येमागून रखडत आल्या. सरकार किंवा नगरपालिका काही करील याची वाट न पाहता या पहिल्या पिढीने आपल्या गरजेच्या संस्था स्वतः काढल्या, आणि शहराला घडवले ते मुख्यतः या संस्थांनीच.

त्यांत शाळांचा मान पहिला. टिळकनगर विद्यामंदिर आणि स. वा. जोशी विद्यालय यांनी अनेक पिढ्या शिकवल्या. क्रिकेटपटू अजिंक्य रहाणे डोंबिवलीतच वाढला व जोशी विद्यालयातच शिकला. के. वि. पेंढरकर महाविद्यालयामुळे पदवीसाठी मुंबई गाठण्याची सक्ती संपली. मॉडेल महाविद्यालय चालवणारा केरलीय समाजम् शहरातील मल्याळी रहिवाशांची संघटनशक्ती दाखवतो; तमिळ, कानडी, गुजराती, कच्छी आणि उत्तर भारतीय कुटुंबेही येथे मोठ्या संख्येने आहेत. १९७० मध्ये स्थापन झालेली डोंबिवली नागरी सहकारी बँक ठेवीदारांच्या लहान रकमांतून वाढत अनेक जिल्ह्यांत पसरली. पै फ्रेंड्स लायब्ररीसारख्या खाजगी वाचनालयाने पुस्तकांच्या आदानप्रदानाचे मोठे उपक्रम घेतले.

फडके रोडवरील श्री गणेश मंदिर १९२४ चे. हे ग्रामदैवताचे देऊळ आणि त्याचे संस्थान शहराच्या सार्वजनिक जीवनाच्या केंद्रस्थानी आहे. दिवाळीच्या पहिल्या पहाटे अभ्यंगस्नान करून नवे कपडे घातलेली तरुण मुलेमुली मंदिरात दर्शन घेऊन फडके रोडवर जमतात. परगावी किंवा परदेशी गेलेल्यांची भेट हमखास तिथेच होते. याच संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ मध्ये गुढीपाडव्याची पहिली नववर्ष स्वागतयात्रा निघाली. पारंपरिक पोशाख, लेझीम, ढोलपथके, वेगवेगळ्या संस्थांचे चित्ररथ आणि दुचाकीवर स्वार झालेल्या नऊवारीतील स्त्रिया असे तिचे रूप ठरत गेले. काही वर्षांतच ठाणे, गिरगाव, पुणे, नाशिक आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी मंडळांनी ती उचलली. आज राज्यभर रूढ झालेली ही प्रथा जुनी भासते. प्रत्यक्षात ती एका उपनगराने अलीकडे दिलेली देणगी आहे.

कथाकार पु. भा. भावे आणि कथा-नाटककार शं. ना. नवरे यांचे वास्तव्य डोंबिवलीत होते. ९० वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन फेब्रुवारी २०१७ मध्ये अक्षयकुमार काळे यांच्या अध्यक्षतेखाली येथेच भरले. त्याचे यजमानपद आगरी यूथ फोरम या संस्थेकडे होते, आणि संमेलननगरीला भाव्यांचे नाव देण्यात आले होते. भूमिपुत्रांची संस्था मराठी साहित्याच्या सर्वांत मोठ्या मेळाव्याची यजमान झाली, ही गोष्ट शहराच्या सामाजिक इतिहासात महत्त्वाची मानावी लागेल. सांस्कृतिक डोंबिवली म्हणजे केवळ टिळकनगर-रामनगर हा समज तिने मोडला. याच संस्थेचा आगरी महोत्सव दरवर्षी हजारो लोकांना खेचतो. नाटकांसाठी सावित्रीबाई फुले नाट्यगृह आहे. निशिकांत कामत यांच्या ‘डोंबिवली फास्ट’ (२००५) या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त चित्रपटाने उपनगरी नोकरदाराची घुसमट शहराच्या नावासह सर्वदूर पोहोचवली.

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९६० च्या दशकात शहराच्या पूर्वेला वसाहत उभारली. रसायने, रंग, औषधे, कापडावरील प्रक्रिया आणि यंत्रभाग यांचे कारखाने तेथे आले. घरडा सर्कल हे चौकाचे नाव कीटकनाशके बनवणाऱ्या अशाच एका उद्योगावरून पडले. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मोटारींचा कारखाना होता. हजारोंना घराजवळ काम मिळाले, पण कारखाने आणि घरे यांतील मोकळी जागा हळूहळू नाहीशी झाली आणि इमारती कारखान्यांच्या भिंतींना येऊन टेकल्या. त्याची किंमत रहिवासी मोजत आले आहेत. २०१४ मध्ये येथे हिरवट पाऊस पडला, २०२० मध्ये रसायनांमुळे रस्ता गुलाबी झाला. उग्र वासाच्या तक्रारी तर बारमाही आहेत. २६ मे २०१६ रोजी एका रासायनिक कारखान्यातील स्फोटात १२ जणांचा बळी गेला, दीडशेहून अधिक जखमी झाले आणि दूरवरच्या घरांच्या काचा फुटल्या. २३ मे २०२४ रोजी दुसऱ्या कारखान्यात पुन्हा तसाच भीषण स्फोट होऊन दहाहून अधिक माणसे दगावली. धोकादायक कारखाने अन्यत्र हलवण्याच्या घोषणा प्रत्येक दुर्घटनेनंतर झाल्या. पहिल्या स्फोटानंतर ते काम तडीस गेले असते, तर दुसरा शहराच्या वस्तीत घडला नसता.

१ ऑक्टोबर १९८३ रोजी कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर आणि आसपासची गावे मिळून महानगरपालिका स्थापन झाली. अंबरनाथ व बदलापूर १९९२ मध्ये वेगळे झाले. पहिली सार्वत्रिक निवडणूक १९९५ मध्ये झाली, म्हणजे आरंभीची बारा वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती होता. कल्याण-शीळ रस्त्याच्या बाजूची २७ गावे हा आजवर न सुटलेला प्रश्न आहे. कर भरावा लागतो पण सोयी मिळत नाहीत, या तक्रारीवरून ग्रामस्थांनी संघर्ष समितीमार्फत लढा दिल्यावर २००२ मध्ये ती वगळली गेली. १ जून २०१५ पासून ती पुन्हा पालिकेत आली. २०२० मध्ये त्यांपैकी १८ गावांची स्वतंत्र नगरपरिषद करण्याचा शासनाचा निर्णय उच्च न्यायालयाने रद्द ठरवला. मधल्या काळात या गावांच्या जमिनींवर पलावासारखी प्रचंड खाजगी नगरे उभी राहिली.

बेकायदा बांधकामांचा रोगही जुना आहे. पालिकेच्या बनावट परवानग्या आणि त्यांच्या आधारे स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे (रेरा) मिळवलेली नोंदणी दाखवून बांधलेल्या ६५ इमारतींचे प्रकरण २०२२ मध्ये उघड झाले आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. फसवणूक बिल्डरांनी केली आणि बेघर होण्याची वेळ कर्ज काढून घर घेतलेल्या कुटुंबांवर आली.

डोंबिवली हे मध्य रेल्वेवरील सर्वाधिक गर्दीच्या स्थानकांपैकी एक आहे. ठाकुर्ली आणि कोपर ही शेजारची दोन स्थानकेही शहराचीच. कोपरला दिवा-वसई मार्ग वरून ओलांडतो. ठाणे-दिवा दरम्यानची पाचवी-सहावी मार्गिका २०२२ मध्ये पूर्ण झाल्याने लांब पल्ल्याच्या गाड्या वेगळ्या झाल्या, तरी सकाळी दारात लटकून जाणे आणि त्यातून होणारे मृत्यू थांबलेले नाहीत. रस्त्याने बाहेर पडायला आजवर मुख्यतः कल्याण-शीळ रस्ता होता. मोठागाव ते माणकोली हा खाडीवरचा पूल २०२५ मध्ये वाहतुकीला खुला झाल्याने मुंबई-नाशिक महामार्ग जवळ आला आहे. एमआयडीसी आणि मानपाडा परिसरातून जाणाऱ्या कल्याण-तळोजा मेट्रोचे काम २०२४ मध्ये सुरू झाले.