भूक, भिक्षा आणि वाटा

भूक हा शब्द वरवर निरुपद्रवी दिसतो. पोट सर्वांनाच असते, असे म्हणून तो सर्वांच्या नावे लिहिता येतो. पण शब्दांनाही जात चिकटते. मी त्याचे मूळ शोधू लागलो तेव्हा हाती आली ती 'बुभुक्षा'. 'भुज्' म्हणजे खाणे, भोगणे; त्याची इच्छा ती बुभुक्षा. प्राकृतात 'भुक्खा', मराठीत 'भूक'. म्हणजे व्याकरणाच्या लेखी भूक ही इच्छा आहे! ज्याची कणगी भरलेली आहे त्याची ती इच्छाच असेल. ज्याची चूलच पेटत नाही त्याच्या भुकेला इच्छा कसे म्हणावे?

'उपवासी' हाच शब्द झिजून 'उपाशी' झाला. एकाने ठरवून अन्न सोडले, त्याला पुण्य. दुसऱ्याला मिळालेच नाही, त्याच्या माथी पूर्वजन्मीचे पाप. शब्द एक, न्याय दोन.

आता 'भिक्षा' उकलून पाहू. ती 'भज्' या धातूपासून आली, असे व्युत्पत्तिकार सांगतात. 'भज्' म्हणजे वाटणे, 'भाग' त्यातलाच. भिक्षा म्हणजे मुळात वाटा मागणे. गावकी राबून दारोदार भाकरी मागणारा महार आपला वाटाच मागत होता. गावाने त्या वाट्याची भीक केली आणि तुकडा वरून टाकला.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. मार्च १९२७ मध्ये महाडला त्यांनी मृत मांस आणि उष्टे तुकडे सोडायला सांगितले. १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात, मेलेली ढोरे ओढणे सोडल्याने किती उत्पन्न बुडते याचा हिशेब मांडणाऱ्यांना त्यांनी उत्तर दिले. लाभापेक्षा इज्जत मोठी, हे त्याचे सार. पण याचा अर्थ भूक क्षुल्लक, असा नव्हे. आदल्याच दिवशी त्यांनी जो धम्म दिला, त्याच्या परंपरेत आळवीची कथा आहे. हरवलेला बैल शोधून उपाशीपोटी आलेल्या शेतकऱ्याला बुद्धाने आधी जेवू घालायला सांगितले; उपदेश नंतर केला. धम्मपद तर भुकेला रोगांत सर्वांत मोठा रोग मानते. रोगावर उपचार करायचा असतो, रोग्याच्या माथी पाप मारायचे नसते.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने धान्य हा हक्क ठरला. तरी नागपुरात रेशनच्या रांगेकडे बोट दाखवून 'फुकटे' म्हणणारे मला भेटतात. कायदा हक्क म्हणतो. जीभ अजून भीकच म्हणते. म्हणून भूक लिहिताना आपण दया मागू नये. वाटा मागावा.