मिस्सानंतरची न्याहारी

'ब्रंच' हा शब्द मराठी वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्यांतून आता सर्रास वाचावयास मिळतो. मुंबईत रविवारी अकराच्या सुमारास कोठे जावे, कोणत्या हॉटेलात काय मांडलेले असते, किती पैसे पडतात, याची साग्रसंगीत माहिती तेथे असते. वाचणाऱ्यास वाटावे की न्याहारी आणि जेवण यांच्या मधला हा आहार म्हणजे पंचतारांकित हॉटेलांची देणगी होय. वस्तुतः या शब्दाचा जन्म चर्चच्या आवारापासून फारसा दूर झालेला नाही. इ. स. १८९५ मध्ये गाय बेरिंजर या इंग्रज लेखकाने 'हंटर्स वीकली' या साप्ताहिकात एक लेख लिहिला. रविवारी उपासनेहून परतल्यावर मांसाचे जडशीळ जेवण कशाला? त्याऐवजी उशिराची, हलकी, गप्पांची न्याहारी घ्यावी, अशी त्याची विनंती होती. शनिवारी रात्री जागलेल्यांचीही त्यामुळे सोय होईल, हे सांगावयास तो विसरला नाही. पुढच्याच वर्षी 'पंच' या विनोदी साप्ताहिकाने या नव्या शब्दाची दखल घेतली, तोवर 'हंटर्स वीकली' बंद पडलेही होते. शब्द मात्र टिकला.

आम्हां वऱ्हाडातील लोकांस यात नवे ते काय, असे वाटणे साहजिक आहे. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यात, आमच्या जानेफळच्या शिवारात, पहाटे कामाला लागलेला माणूस दिवस कासराभर वर आला की बांधावर बसून ज्वारीची भाकर, झुणका, ठेचा आणि हाताने फोडलेला कांदा खातो. त्याला न्याहारी म्हणतात. ती पोटभर असते आणि आधी काम झालेले असते. बेरिंजरच्या ब्रंचमध्ये आणि या न्याहारीत अंतर आहे ते एवढेच की, एकीच्या आधी झोप असते आणि दुसरीच्या आधी श्रम.

कॅथॉलिक कुटुंबांत मात्र तिसऱ्याच कारणाने ही उशिराची न्याहारी रुजली. ते कारण म्हणजे कम्युनियनपूर्वीचा उपवास. प्रारंभीच्या ख्रिस्तसभेत प्रभुभोजन आणि बंधुभोजन एकाच बैठकीत होत असे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात संत पौल याच बैठकीवरून संतापलेले दिसतात, कारण काही जण आधीच खाऊन-पिऊन तृप्त होत आणि गरीब उपाशी राहत. पुढे दोन्ही गोष्टी वेगळ्या झाल्या. इ. स. ३९३ मध्ये उत्तर आफ्रिकेतील हिप्पो येथील धर्मपरिषदेने आणि ३९७ मध्ये कार्थेजच्या परिषदेने उपाशीपोटी उपासनेचा नियम सांगितला. त्यात एका पवित्र गुरुवारचा तेवढा अपवाद होता. १९१७ च्या धर्मसंहितेत तो मध्यरात्रीपासूनचा संपूर्ण उपवास म्हणून ग्रथित झाला. संपूर्ण म्हणजे पाण्याचा थेंबदेखील नाही.

पूर्वी सर्वसामान्य श्रद्धावंत वर्षातून मोजक्याच वेळा कम्युनियन घेत, त्यामुळे या नियमाचा जाच फारसा जाणवत नसे. परंतु पोप दहावे पायस यांनी १९०५ मध्ये वारंवार, किंबहुना दररोज, कम्युनियन घेण्याचा आग्रह धरला आणि १९१० मध्ये सात वर्षांच्या आसपासच्या बालकांनाही तो मार्ग मोकळा केला. आता संपूर्ण कुटुंबच रविवारी उपाशीपोटी चर्चला जाऊ लागले. गायनमिस्सा आणि प्रवचन लांबले की दहा कधी वाजत हे कळत नसे. धर्मगुरूंची अवस्था त्याहून बिकट होती. दोन गावांत दोन मिस्सा करावयाच्या असल्या, तर पहिल्यानंतर घोटभर पाणीही न पिता दुसऱ्या गावची वाट धरावी लागे. उन्हाळ्यातला वऱ्हाडचा रस्ता ज्याने पाहिला आहे, त्याला यावर अधिक सांगावयास नको.

मिस्सा संपल्यावर भूक कडकडून लागलेली असे. आपल्या भाषेत उपवास सोडण्याला 'पारणे' असा नेटका शब्द आहे आणि इंग्रजीतील न्याहारीच्या शब्दाचाही मूळ अर्थ उपवास मोडणे हाच. घर जवळ असलेले घरी जात. वसई आणि साष्टीच्या घरांतून फुगे, चिताप आणि आदल्या दिवशीचे कालवण यांनी रविवारचे पारणे होई. पण ज्याचे घर शेकडो कोस दूर आणि ज्याची मुंबई म्हणजे एका ट्रंकेपुरती जागा, त्याने काय करावे?

याचे उत्तर मुंबईत धोबीतलावाने दिले. या एका चौकाभोवती कॅथॉलिक मुंबईचा मोठा भाग दाटलेला होता. सोनापूरचे दुःखी मातेचे चर्च, काव्हेलचे आरोग्यमातेचे चर्च, १८६९ मध्ये सुरू झालेले सेंट झेवियर्स कॉलेज आणि जेर महालसारख्या इमारतींतील गोवेकरांच्या कुडी हे सारे येथलेच. कूड म्हणजे एकेका गावाचा क्लब. जहाजावर नोकरी करणारा खलाशी, घरकामाचा आचारी, वाद्य वाजवणारा कलावंत अल्प शुल्कात तेथे ट्रंक ठेवी, सायंकाळच्या रोझरीला उभा राही आणि सतरंजी टाकून झोपे. अशा माणसाला रविवारी मिस्सानंतर बसावयास खुर्ची आणि खावयास गरम काही देणारे ठिकाण हवे होते.

ते इराण्यांनी दिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या प्रारंभी इराणातील यझ्द आणि करमान या भागांतून आलेल्या या लोकांनी मुंबईच्या नाक्यानाक्यावर उपाहारगृहे उघडली. कोपऱ्याची जागा अशुभ मानून इतर व्यापारी ती टाळीत, म्हणून ती इराण्यांना मिळाली, असे सांगितले जाते. धोबीतलावावरील कयानी अँड कंपनी १९०४ सालची, बॅलार्ड इस्टेटमधील ब्रिटानिया १९२३ सालची. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या काळ्या खुर्च्या, भिंतीवर मोठे आरसे आणि चहा, ब्रून-मस्का, खिमा-पाव, आम्लेट, मावा केक असा बेत. सकाळपासून संध्याकाळपर्यंत केव्हाही या, जेवणाची वेळ नाही म्हणून परत जा असे कोणी म्हणत नसे. एका चहावर तास काढणाराही खपवून घेतला जाई, जरी मालकाची नजर मधूनमधून त्याच्याकडे वळे.

या टेबलांचे मोल केवळ खाद्यपदार्थांवरून ठरवणे आम्हांस अपुरे वाटते. त्या काळच्या अनेक खाणावळी जातीच्या होत्या. कोणी कोठे बसावे, कोणाला कोणत्या भांड्यात वाढावे, याचे नियम कडक होते. महाराष्ट्राच्या अंतर्भागातील आपल्या ख्रिस्ती बांधवांपैकी पुष्कळांची कुटुंबे दलित समाजातून आलेली. त्यांना धर्म बदलल्याने पंगतीत जागा मिळाली असे मुळीच झाले नाही. इराण्याच्या दुकानी मात्र पैसे मोजणाऱ्यास जात सांगावी लागत नसे. करिंथच्या बैठकीत जे साधले नव्हते, त्याचा थोडा अंश धोबीतलावावरच्या गिऱ्हाईकांना दोन आण्यांत मिळत होता, असे म्हटले तर कोणाही धर्मगुरूंनी रागावू नये.

पावाची कथाही अशीच. पोर्तुगिजांबरोबर आलेला हा पदार्थ नावासकट त्यांचाच. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवल्याच्या कथा कोकणात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या आणि 'पाववाला' हे कॅथॉलिक माणसाला हिणवण्याचे नाव झाले. तोच पाव पुढे गिरणगावच्या मिसळीशेजारी जाऊन बसला आणि १९६६ मध्ये दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनी त्यात बटाटेवडा घातला. आज बाटण्याची भीती कोणाला वाटत नाही.

इतरांच्या मधल्या वेळच्या सोयी याच शहरात समांतर उभ्या राहिल्या. दादरचे मामा काणे यांचे उपाहारगृह १९१० चे, गिरगावचे विनय हेल्थ होम आणि किंग्ज सर्कलचे कॅफे मद्रास ही दोन्ही १९४० ची, तर माटुंग्याचे रामा नायक यांचे उडुपी बोर्डिंग १९४२ चे. गिरणी कामगारांना पाळीप्रमाणे जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायांची नावे कोणत्याही पाटीवर नव्हती. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना संघटित केले, तेव्हा त्यांच्या श्रमाची प्रथम जाहीर गणना झाली. १९८२ च्या संपानंतर गिरण्याच ओस पडल्या आणि त्यांचे गिऱ्हाईक पांगले.

इकडे उपवासाचा नियमही सैल होत गेला. ६ जानेवारी १९५३ रोजी पोप बारावे पायस यांनी पाण्याने उपवास मोडत नाही असे जाहीर केले आणि सायंकाळच्या मिस्सालाही परवानगी दिली. १९५७ मध्ये अन्नासाठी तीन तासांची मर्यादा आली. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी, दुसरी व्हॅटिकन परिषद चालू असतानाच, पोप सहावे पॉल यांनी ती एका तासावर आणली. १९६७ पासून रविवारचे कर्तव्य शनिवारच्या सायंकाळी पार पाडण्याची सवलतही विस्तारली. नियम सुसह्य झाला, हे चांगलेच झाले. म्हाताऱ्यांना आणि गर्भवती स्त्रियांना भोवळ येण्याचे प्रसंग टळले. मात्र मिस्साहून आलेल्या सगळ्या घराला एकाच वेळी लागणारी ती सामुदायिक भूक गेली. आता कोणी आधीच चहा-पाव घेऊन निघतो, कोणी शनिवारीच मोकळा होतो.

इराण्यांची संख्याही घटली. १९५० च्या सुमारास शहरात साडेतीनशेच्या आसपास असलेली ही उपाहारगृहे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. कयानीसमोरच्या नाक्यावरचे बास्तानी केव्हाच बंद झाले. काळा घोड्याच्या वेसाइड इनमध्ये खिडकीशी बसून कवी अरुण कोलटकर रस्त्यावरची सकाळ पाहत. तेही आता नाही. कोलटकरांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी संग्रहात या चौकातील न्याहारीवर एक दीर्घ कविता आहे, आणि तिच्यात जेवणारे लोक हॉटेलात नसून पदपथावर इडलीवालीभोवती जमलेले आहेत. ब्रंचच्या याद्या करणाऱ्यांनी ती एकदा वाचावी.

आमच्या भागातून मुंबईला जाणारा माणूस बहुधा हौसेने जात नाही. तो नोकरीच्या मुलाखतीला जातो, मंत्रालयात कागद घेऊन जातो, किंवा परळला १९४१ पासून चालू असलेल्या टाटा रुग्णालयात आपल्या माणसाला घेऊन जातो. शेगाव किंवा मलकापूरहून रात्रीच्या गाडीत बसलेला तो सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो. कामाच्या खिडक्या उघडेपर्यंत त्याला चालत धोबीतलाव गाठता येतो. कयानीचे दार तेथे अजून उघडे असते. रविवार असेल तर सोनापूरच्या चर्चमधून सुटलेली मंडळी त्याच टेबलांवर येऊन बसतात, आणि जागा कमी असल्याने अनोळखी माणसासमोरची खुर्चीही चालते.